तिसरा पिवळा

१ जानेवारी, सकाळी ७
नवीन वही. नवीन पेन. नवीन मी.
संकल्प: (१) रोज पाऊण तास चालणे. (२) कुठलाही गेम स्वतः खेळल्याशिवाय त्याच्यावर शेरा द्यायचा नाही. (३) यंदा आमच्या कंपनीतून निदान एक तरी गेम असा काढायचा, जो आधी कधी निघालेला नाही.
तिसऱ्यासाठी हिंमत लागते, आणि 'नवे प्रकल्प' विभागाचा प्रमुख मी आहे. बाकी सगळे अठरा वर्षांपूर्वीचा 'काळदरी' पुन्हा पुन्हा काढण्यात दंग. दोनदा रीमेक झाला, आता तिसरा चालू आहे. शिळ्या कढीला ऊत.
चालायला उद्यापासून. आज पहिलाच दिवस, पायांवर एकदम ताण नको.

९ जानेवारी
धाकटा भाऊ आजपासून आमच्या ऑफिसात. दहा वर्षांची पक्की नोकरी सोडून आला, केवळ माझ्या शब्दावर. आईने फोनवर तीनदा बजावलं, त्याला सांभाळ. म्हटलं, मी आहे ना.
त्याला आणि त्याच्या पाच माणसांना प्रिंटरमागची खोली दिली. खिडकी नाही, पण एकाग्रता होते.
गेमची कल्पना: टेलिफोनच्या खांबावर चढलेला लाइनमन. चित्र जवळजवळ नाहीच, सगळं ऐकायचं. कोण कोणाला फोन करतंय ते ऐकून ठरवायचं, कोणाची लाइन जोडायची. आमचे बाबा लाइनमन होते, त्यावरून सुचलं म्हणाला. मला एकदम भरून आलं. म्हटलं, हाच तो गेम.
पहिला नमुना पुढच्या आठवड्यात तयार होईल; आला की त्याच संध्याकाळी खेळून बघतो म्हणालो.

४ फेब्रुवारी
पहिली शेरा-बैठक. पद्धत अशी: दर प्रकल्पाला विभागप्रमुखाने हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा. याची नियमावली दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली. सतरा पानं. मोठ्या मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या सर्वेसर्वांनी, भर सभेत कौतुक केलं होतं. स्वतःच लिहिलेली असल्यामुळे मला ती उघडून बघावी लागत नाही.
'काळदरी'ला चार मिनिटांत हिरवा. त्यातली तीन प्रोजेक्टर लागण्यात गेली.
मग धाकट्याचा गेम. मॅडमनी विचारलं, यात मारायचं कोणाला? मी म्हणालो, कोणालाच नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सूचक हसलो.
पिवळा दिला. हिरवा दिला असता तर म्हणाले असते, भाऊ म्हणून दिला. लाल तर माझ्या मनातही नाही. पिवळ्याने कोणी दुखावत नाही. शिवाय गेम अजून खेळलेलो नाही (संकल्प २), म्हणजे हिरवा देणं तत्त्वातही बसत नव्हतं. नुसता लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळणं हा त्या गेमचा अपमान ठरेल. चांगले हेडफोन मागवले आहेत.
धाकट्याला सांगितलं, पिवळा म्हणजे चर्चा झाली. तो खूश झाला.

२० फेब्रुवारी
ग्राहकांचा सर्वे आला. शंभरातल्या ऐंशी जणांना काहीतरी संपूर्ण नवीन हवंय. मी टेबलावर हात आपटला, बघा! मग सर्वेवाल्याने पुढचं पान लावलं. नवीन म्हणजे काय हवं, या प्रश्नाला त्याच ऐंशी जणांचं उत्तर: काळदरी.
चालायला गेलो नाही. मन खट्टू होतं.

११ मार्च
'काळदरी'तल्या घोड्याची शेपटी बघायला सगळ्या प्रमुखांना बोलावलं. आता प्रत्येक केस वेगळा हलतो. तीन तास शेपटी पाहिली. खोटं कशाला बोलू, सुंदर आहे.
शेपटीला माणसं कमी पडतायत. मॅडमनी विचारलं, तुमच्याकडची दोन देता का पंधरा दिवस? सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार. दिली. धाकट्याला जाऊन सांगितलं तर म्हणाला, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. आम्ही दोघेही पोट धरून हसलो. म्हणजे मी.

२ एप्रिल
पंधरा दिवस संपून आठवडा झाला. ती दोघं अजून शेपटीतच.
हेडफोन आले. मुलीने घेतले. तिची परीक्षा आहे म्हणाली. परीक्षेत हेडफोन कशाला लागतात ते विचारायचं राहिलं.

१५ एप्रिल
दुसरी बैठक. आज मी खिंड लढवली.
मॅडम म्हणाल्या, लाइनमनच्या हातात तलवार दिली तर? सर्वांना कल्पना आवडली. मी एकट्याने ठाम विरोध केला आणि तलवार लहान करून घेतली. नुसती कमरेला लटकेल. वापरायची सक्ती नाही.
धाकटा म्हणाला, दादा, खांबावर चढलेला माणूस तलवारीचं काय करणार? म्हटलं, वायर कापेल. तो म्हणाला, तो वायर जोडणारा माणूस आहे. यावर मी त्याला समजावलं की मोठं जहाज हळूहळूच वळतं. त्याने विचारलं, खेळलास का? म्हटलं, निवांतपणे खेळायचाय. घाईत नको.
शेरा: पिवळा. तलवारीचा प्रश्न सुटेपर्यंत दुसरं काही देणं योग्य नव्हतं.
बायकोला रात्री जेवताना सगळं सांगितलं. ती म्हणाली, लग्नाला होकार द्यायला सात महिने लावलेत, तेव्हाही कोणी दुखावू नये म्हणूनच का? बायकांना कामकाजातलं कळत नाही असं मी म्हणणार होतो, पण तीही एका विभागाची प्रमुख आहे.

१९ मे
आईचा फोन. धाकटा नीट जेवत नाही, रविवारीही ऑफिसात असतो, तुझ्यासमोर बसतो ना तो, बघ जरा. म्हटलं, सगळं झकास चाललंय. तो माझ्यासमोर बसत नाही, प्रिंटरमागे बसतो, पण हे आईला सांगून काय उपयोग.
प्रिंटरमागे गेलो होतो. चौघांनी मिळून सहा जणांचं काम ओढलंय. भिंतीला सुतळी बांधून तिच्यावर चिठ्ठ्या लावल्या आहेत, एकेक चिठ्ठी म्हणजे एकेका माणसाचा फोन. बत्तीस झाल्या. धाकटा दाखवत होता आणि त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता. मला त्याचा फार अभिमान वाटला. तलवार कुठे दिसली नाही. मी विषय काढला नाही.
उद्या खेळतोच.

१७ जून
तिसरी बैठक अकराला. सकाळी ९.४० ला दार लावून गेम उघडला. हेडफोन मुलीकडून परत मिळवलेले. लॅपटॉप म्हणाला, अपडेट चालू आहे, बंद करू नका. १०.५५ पर्यंत बंद केला नाही.
पिवळा. न खेळता हिरवा देणं म्हणजे स्वतःशी बेइमानी. तिन्ही वेळा मी तत्त्वाला धरून राहिलो याचं समाधान आहे. आणि लाल एकदाही दिला नाही.

१८ जून
सिस्टिमकडून आपोआप मेल. धाकट्याचा प्रकल्प बंद. कारण: नियम ११.
नियमावली उघडली. नियम ११: 'सलग तीन पिवळे शेरे हा लाल शेरा समजावा. निर्णय टाळणाऱ्या विभागप्रमुखांना चाप बसावा, हा हेतू.' खाली माझं नाव, माझी सही.
भाषा नेटकी आहे.
मॅडमकडे धावलो. त्या म्हणाल्या, अहो, वार्षिक सभेत दाखवायला मलाही एक नवीन गेम हवाच होता. तुमच्या भावाचा आहे, तुम्ही आतून ओळखता, म्हणून तुमच्या हिरव्याची वाट बघत होते. तुम्हीच तीनदा कचरलात, मग मला वाटलं काहीतरी खोट असणार.
मी म्हणालो, अगदी बरोबर. का म्हणालो ते माहीत नाही.

२० जून
धाकट्याशी बोललो. फार समजूतदारपणे घेतलं त्याने. एकच विचारलं, दादा, तू खेळलास ना?
म्हटलं, हो तर.
त्याने विचारलं, पहिली लाइन कोणाची जोडलीस?
म्हटलं, सगळेच फोन छान आहेत रे.
त्याने मान हलवली आणि खोली आवरायला गेला. सुतळी सोडताना चिठ्ठ्या फाटू नयेत म्हणून एकेक काढत होता.
त्याच्या उरलेल्या तिघांना नोकरीतून रजा. त्याला घोड्याच्या खुरांचं काम देऊ केलं, मॅडमशी मीच बोललो होतो. तो नको म्हणाला. मानी आहे, बाबांवर गेलाय.

२५ जून
धाकट्याचा अर्ज आला. 'मा. विभागप्रमुख' अशी सुरुवात. कंपनीला नको असेल तर गेम मला परत द्यावा, दुसरीकडे पूर्ण करीन. आमच्या कॉम्प्युटरमधून बाहेर काहीच नेता येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे एक आवाजसुद्धा नाही. सगळं आमच्या सर्व्हरवर. फक्त माझी एक सही हवी.
यावेळी नियम आधी वाचला, शहाणा झालोय. नियम १४: सहीला नव्वद दिवस. न झाल्यास नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी पाचला सर्व सामग्री पुसावी. हेतू: अडगळ साचू नये. म्हणजे २३ सप्टेंबर. भरपूर वेळ आहे.
सही आत्ताच करता आली असती. पण आपण कंपनीची वस्तू बाहेर देतोय, ती न खेळता देणं बेजबाबदारपणाचं. आधी खेळणार, मग सही. यंदा एक तरी संकल्प पुरा करायचा.

३० जुलै
धाकट्याचा फोन. अर्जाचं काय झालं? म्हटलं, टेबलावर सगळ्यात वरच आहे. खरंच आहे. त्याच्यावर चहाचा कप ठेवतो, उडू नये म्हणून.

२८ ऑगस्ट
'काळदरी' बाजारात. सगळीकडे एकच बोलणं: घोडा अप्रतिम, पण यात नवीन काय? मॅडम चिडल्या आहेत. आमच्याकडे नवीन काहीच कसं नाही, असं मलाच विचारलं. मी म्हणालो, हा प्रश्न मी जानेवारीपासून विचारतोय.
आता धाकटा फोन करत नाही. आई करते. त्याने घर बदललं, लहान घेतलं, एवढंच सांगितलं. सही केलीस का, असं तिने विचारलं. तिला कोणी सांगितलं असेल?

२३ सप्टेंबर, सकाळी १०
आजचा दिवस. सगळी तयारी: हेडफोन, पेन, अर्ज (कपाचा गोल डाग पडलाय, पण मजकूर वाचता येतो). दाराबाहेर पाटी लावली, व्यत्यय आणू नये. दुपारच्या मीटिंगनंतर खेळणार आणि लगेच सही.

दुपारी ४.०५
मीटिंग लांबली. सुरू करतो.

४.५०
काय गेम आहे!
अंधार, वारा, आणि खांबावरून बोलणारा माणूस. हॅलो, मी खांबावरून बोलतोय, आवाज येतोय का? हे बाबांचं वाक्य. बाबा अगदी असंच म्हणायचे, आणि आम्ही दोघं खाली उभं राहून ओरडायचो, येतोय, येतोय! मला रडू आलं. ऑफिसात, दार लावून, चक्क रडलो.
एका बाईचा फोन आलाय. गावाला गेलेल्या मुलाची लाइन जोडून मागतेय. जोडा, तोडा, थांबवा असे तीन पर्याय. मी 'थांबवा' दाबलं, आधी सगळे फोन ऐकून घ्यावेत म्हणून. ती थांबली आहे. तिचा श्वास ऐकू येतो. एवढा भाग संपला की सही.

५.०२
एकदम काळोख. आवाजही बंद. वारा नाही, बाई नाही, काही नाही. केवढं धाडस! भर गेममध्ये संपूर्ण शांतता! हे कुठल्या रीमेकवाल्याला जमेल? यालाच म्हणतात जोखीम. अंगावर काटा आला. काही दाबणार नाही. जसं त्याने ठरवलंय तसंच अनुभवणार.

५.४०
अजून शांतता. डोळे मिटून ऐकतोय. खूप खोल आहे.

५.५५
सर्व्हरवाला दार वाजवून आत आला. म्हणाला, सर, तुमच्या मशीनवर एक फोल्डर अडकून राहिलं होतं, नियम १४ मधलं. पाचला पुसून टाकलं. काही हवं होतं का त्यातलं?
मी म्हणालो, नाही, नाही.
बॅकअप असतो का विचारलं. म्हणाला, तुमच्याच नियमात लिहिलंय, बॅकअपसुद्धा पुसायचा.

६.२०
सगळे गेले. अर्जावर सही केली. तारीख आजचीच घातली, वेळ घातली नाही.
धाकट्याला फोन लावायचा आहे. काय बोलायचं ते आधी नीट ठरवू. पहिली लाइन कोणाची जोडलीस, असं त्याने पुन्हा विचारलं तर या वेळी मला खरं उत्तर माहीत आहे. कोणाचीच नाही.
खेळलो, त्या अर्थी शेरा द्यायला हवा. ऑफिसच्या यादीत आता या गेमला जागा नाही, म्हणून इथे वहीतच देतो.
हिरवा.
शेवट बघायचा राहिला असल्यामुळे, तूर्त फिकट हिरवा.