जिन्याखालचा दुभाष्या

प्रिय प्रतिक्षा,

तू फोन उचलत नाहीस याचा मला राग नाही. लोणी देवकरच्या आपल्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरायला हल्ली मलाच नको वाटतं, तू तर सुटलीस. पण दिवाळीनंतर तू जिथं रुजू होणार होतीस त्या बारामतीच्या कंपनीनं ‘जागा भरली’ म्हणून तुला नकार कळवला, त्याचं खरं कारण तुला कुणी सांगितलेलं नाही. जागाबिगा काही भरलेली नाही. त्यांनी तुझी चौकशी करायला आपल्या रविराज सरांना फोन केला होता, आणि आपले हे मॅनेजर म्हणाले की ती पोरगी जाताना आमची सिस्टीम मुद्दाम बंद पाडून गेली. त्यांना सर म्हणायचीही आता शिसारी येते, पण जिभेची सवय जात नाही. पुढचं शांतपणे वाच. चिडायचं काम मी दोघींच्या वाटचं करून बसलेय.

मालकांनी तो नवा डेटाबेस आणला ते दिवस आठव. ठिबकच्या नळ्यांची दाबचाचणी मी करायची, आकडे डेटाबेसात जायचे आणि तुझ्या स्क्रिप्ट, म्हणजे तू लिहिलेले ते छोटे प्रोग्रॅम, ते उचलून रिपोर्ट काढायच्या. रिपोर्ट नाही तर ट्रक फाटकाबाहेर नाही. नवा डेटाबेस आला आणि कळलं की तुझ्या स्क्रिप्टच्या जुन्या भाषेला तो ओळखच देत नाही, त्याच्याशी ‘जावा’ नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतूनच बोलावं लागतं. पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीतून आलेला तो टायवाला म्हणाला, या सगळ्या स्क्रिप्ट टाकून द्या, नव्यानं लिहून घ्या. अर्थात त्यांच्याकडूनच. रविराज सर मान डोलवत होते. तू मात्र जिन्याखाली धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर पुसून घेतलास आणि त्याच्यावर मधला प्रोग्रॅम बसवलास. तू त्याला प्रॉक्सी ड्रायव्हर म्हणायचीस. मला कळेना, तेव्हा म्हणालीस की हा आपला दुभाष्या. स्क्रिप्टनं आपल्या भाषेत विचारायचं, यानं ते जावातून डेटाबेसाला सांगायचं आणि मिळालेलं उत्तर परत स्क्रिप्टच्या भाषेत आणून द्यायचं.

पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा रिपोर्टातली कामगारांची मराठी नावं नुसती प्रश्नचिन्हं होऊन आली होती. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. आपण जेवत होतो. अम्मीनं तळून दिलेली चिलापी मासळी मी तुझ्यापासून वाचवत होते आणि तू खरकट्या हातानं उठलीस, म्हणालीस, याला मराठी अक्षरं शिकवायची राहिली गं. संध्याकाळी नावं नीट उमटली. पॅकिंगच्या लीलाबाई मुद्दाम बघायला आल्या. “माजंच नाव हाय की ह्ये,” म्हणाल्या आणि पदरानं स्क्रीन पुसायला लागल्या. तो दिवस मला फार आवडतो.

पुढच्या मीटिंगमध्ये तू सगळ्यांना बजावून सांगितलंस की जिन्याखालचा डबा बंद करायचा नाही, तो बंद तर रिपोर्ट बंद. रविराज सर तेव्हा शेजारच्याला मोबाईलवर आपल्या नव्या बंगल्याच्या फरशा दाखवत होते. तू डब्यावर कागदही चिकटवलास, ‘बंद करू नये’ असा, ठळक अक्षरात. आणि मालकांपुढे हे सगळं सरांनी ‘आमच्या पुण्याच्या पार्टनरनं जोडून दिलं’ म्हणून मांडलं. तू हसून सोडून दिलंस. मला तेव्हाही किळस आली होती.

तू नोकरी सोडून गेलीस आणि खंडेनवमी आली. दरवर्षीसारखी मशिनं बंद ठेवून धुतली, पुसली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. यंदा नवा डेटाबेस ज्यात बसवलाय तो नवा सर्व्हर होता, म्हणून खरी पूजा त्याची. त्याच्यासमोर नारळ फोडला, रविराज सरांनी सोवळ्यात फोटो काढून घेतला. तो फोटो मी पाहिलाय. त्या बिचाऱ्या सर्व्हरला कुणीच काही विचारत नव्हतं, कारण ज्याच्या तोंडून विचारायचं तो त्याच सकाळी भंगारात गेला होता. जिना फोटोत येत होता आणि जिन्याखालचं ते डबडं बरं दिसत नव्हतं, म्हणून मोडक्या खुर्च्यांबरोबर टेम्पोत घातलं. दसऱ्यापर्यंत सगळं बंदच, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. मशिनं सुरू झाली, रिपोर्ट येईना, आणि सरांना एका क्षणात कारण सापडलं. प्रतिक्षानं जाताना काहीतरी करून ठेवलंय. बघायचं नाही, विचारायचं नाही. बाहेर गेलेल्या मुलीवर ढकलणं किती सोपं.

मी त्या आठवड्यात भिगवणला होते, अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आले तेव्हा तुझं नाव सगळ्या कारखान्यात बदनाम झालं होतं आणि बारामतीचा फोनही येऊन गेला होता. जिन्याखाली पाहिलं तर प्लास्टिकची फुलं असलेली कुंडी. मी मानसिंगतात्यांना विचारलं. रविराज सरांची गाडी तेच चालवतात, टेम्पोबरोबर तेच गेले होते. म्हणाले, “त्ये डबडं व्हय? इंदापूरला दिलं की भंगारात. सायबांनीच सांगितलं, फोटूत वंगाळ दिसतंय म्हून. त्यावर कागूद हुता, त्यो बी त्यांनीच फाडला. आमाला काय म्हाईत गं पोरी, त्यात प्रतिक्षाचा जीव हाय.”

मी इंदापूरला गेले. दुकानदारानं मागच्या बाजूला नेऊन दाखवलं. नुसता पत्र्याचा सांगाडा उरला होता, आतलं एक एक काढून कुठल्या कुठं गेलं होतं. तुझ्या कागदाचा एक कोपरा अजून चिकटलेला होता. मी फोटो काढला, परत आले आणि मालक बसलेले असताना केबिनमध्ये तो टेबलावर ठेवला. रविराज सर फोटोकडे बघून काय म्हणाले माहितीये? “मग तिनं नीट सांगून जायला नको होतं का?” मालक चहा ढवळत राहिले. एवढी माणसं, एवढ्या डिग्र्या, आणि एकाच्याही तोंडून ‘आमचं चुकलं’ हे दोन शब्द निघेनात. मी म्हटलं, निदान बारामतीला फोन करून खरं सांगा. तर सर म्हणाले, ते नंतर बघू, आधी ट्रक निघायला हवेत. त्या खोलीतली हवासुद्धा मला नको झाली.

प्रतिक्षा, पुण्याचा टायवाला येऊन गेला, त्याला काही जमलं नाही. तो दुभाष्या पुन्हा उभा करणं फक्त तुला येतं, हे आता त्यांना कळलंय. म्हणून आज सरांनी मला केबिनमध्ये बसवलं, कंपनीचं नाव छापलेला हा कागद पुढे केला आणि म्हणाले, तुझं ऐकेल ती, गोड लिही, जुनं विसर म्हणावं, दोन तासांचं तर काम आहे, घरच्यासारखं ये म्हणावं. मी काय लिहितेय ते वाचायलाही त्यांना सवड नाही, बाहेर ट्रक उभे आहेत. तेव्हा त्यांच्याच कागदावर सांगते, येऊ नकोस. बारामतीच्या कंपनीतल्या मॅडमना मी स्वतः फोन केला, भंगारातला फोटो पाठवला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, जागा अजून रिकामी आहे, तिला येऊ दे, मला तिच्या तोंडून ऐकायचंय. उद्या सकाळी तिकडं जा. हे पत्र मानसिंगतात्या आणतील आणि तुला घेऊन यायचं म्हणून सांगवीत तुझ्या दारात गाडी लावून थांबतील. त्यांना चहा दे, आईच्या हातचं काही खायला दे आणि गाडी रिकामी परत पाठव.

तुझीच,
सुहाना