चार रविवार एकही पिक्चर पडला नाही

७ नोव्हेंबर, शुक्र. अमरावती

पहिला शो. एकशे साठ मिनिटं. नायक एकटा चाळीस माणसं लोळवतो, शर्टाची इस्त्री मोडत नाही. नायिकेला पहिल्या गाण्यानंतर दिग्दर्शक विसरला, शेवटी कोणीतरी आठवण करून दिली असावी. खलनायक मात्र मनापासून मेला. त्याच्या जागी मी असतो तर मध्यंतरातच मेलो असतो.

बाहेर येऊन रिवाजाप्रमाणे अकोल्याला जुन्या मित्राला, गजूला फोन. त्याचं बोलणं आज जड. जिभेखालची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. प्रश्न मात्र तोच.

"चालते का बे शास्त्री?"

"मला वाटतं चालेल."

"म्हंजे पडते. तू चालते म्हनलं का मी थेटरवाल्याले पोस्टर उतरवाले सांगत जाओ."

खरं आहे. वितरकाच्या अमरावतीच्या ऑफिसातून फिल्मच्या पेट्या घेऊन त्याने तीस वर्षं वऱ्हाड पालथा घातला. बार्शीटाकळी, नांदगाव खंडेश्वर, जिथे पडदा तिथे गजू. पडद्याकडे कधी पाहिलं नाही. मध्यंतरात मुतारीत उभा राहून लोक काय बोलतात ते ऐकायचा. "निकाल तिथंच लागते. तिथं कोनी खोटं नाई बोलत." मी पडद्याकडे पाहून पेपरात लिहितो आणि चुकतो. मग गिला वडा मी खिलवायचा.

संध्याकाळी मंदावहिनींचा फोन. "भाऊजी, उद्या या. यांचा रिपोर्ट आला. फोनवर नाई सांगत."

८ नोव्हेंबर, शनि. अकोला

बडनेऱ्याहून सकाळची गाडी. गजूचा मुलगा निखिल पुण्याहून कालच आलेला. गजू आंघोळीला गेला तेवढ्यात त्याने मला जिन्यात गाठलं.

कॅन्सर. जिभेचा. बराच पुढे गेलेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुसरं काय. पेट्यांबरोबर पुडीही फिरत होतीच. ऑपरेशन करायचं, त्यात जीभ काढायची. बहुतेक सगळी. मग बोलणं नाही, निदान आपण ज्याला बोलणं म्हणतो ते नाही. नाही केलं तर डॉक्टर महिन्यांचा हिशोब सांगतात. साखर खाली आल्याशिवाय टेबलावर घेणार नाहीत, म्हणून महिनाभर नुसती औषधं.

"काका, बाबांना फक्त गाठ काढायची एवढंच सांगितलंय. जीभ जाणार हे कळलं तर ते सरळ नाही म्हणतील. तुम्हाला माहितीयेत ते. सहीच्या आधी डॉक्टर स्वतः सांगणार आहेत. तोवर तुम्ही काही बोलू नका. प्लीज."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, अशी पळवाट तेव्हाच सुचली. सदर गृहस्थ वकील व्हायचे राहून गेले.

गजू बाहेर आला, डोक्यावर टॉवेल. "दोघं जिन्यात काय करून राहिले बे? बाथरूम रिकामं झालं."

परतीच्या गाडीत उद्याचा मजकूर. पहिलं वाक्य तयार होतं: 'हा चित्रपट पहिल्या आठवड्यात मरणार.' खोडलं. गजू दर रविवारी माझा कॉलम मोठ्याने वाचतो, वहिनी पोळ्या लाटता लाटता ऐकतात. 'मरणार' हा शब्द त्या जिभेवर... नाही जमलं. 'पडणार' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'एकदा पाहायला हरकत नाही.'

मूर्तिजापूरला चहा. पाण्यासारखा. त्यालाही हरकत घेतली नाही.

१५ नोव्हेंबर, शनि.

या आठवड्यात भुताचा. भूत बिचारं बरं होतं, माणसांचा अभिनय भयानक. लिहिलं, 'भयरसाचा प्रामाणिक प्रयत्न.' प्रामाणिक प्रयत्न म्हणजे काय हे दहावीच्या परीक्षकाला विचारावं.

संपादक म्हणाले, "शास्त्रीबुवा, हा निर्माता तुमचा जावई लागतो का?" मला मुलगीच नाही. हसलो.

१७ नोव्हेंबर, सोम.

काल रात्री अभ्यंकरगुरुजी स्वप्नात. पाठशाळेत खरं बोला म्हणणारी सुभाषितं आणि कडू बोलू नका म्हणणारी सुभाषितं एकाच पानावर पाठ करून घेत. दोन्ही बरोबर आली की पूर्ण गुण. दोन्ही एकाच माणसाला एकाच दिवशी लागू पडली तर काय, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

गजूचा फोन नाही. मीही केला नाही. काय बोलणार? साखर किती, विचारायचं आणि ठेवायचं.

२१ नोव्हेंबर, शुक्र.

मराठी, कौटुंबिक. चार बहिणी, एक घर, कुठेही धूळ नाही, कोणालाही नोकरी नाही, सगळ्या खिडकीत उभ्या राहून बोलतात. प्रेक्षक आम्ही सात. दोन झोपलेले. एकाला उठवून विचारावं वाटलं, स्वप्न बरं होतं का.

'संयत' लिहिलं.

सौ.ने वाचून कागद खाली ठेवला. "पिक्चर सुधारले, का तुम्ही बिघडलात?"

तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गजूभाऊंना तुम्ही ओळखता, का निखिल ओळखतो?"

२७ नोव्हेंबर, गुरु.

निखिलचा फोन. साखर उतरली. १५ तारीख ठरली, सोमवार. "काका, बाबा एकदम नॉर्मल आहेत. गाठ काढली की डिसेंबरात मोझरीच्या आश्रमात जाऊन येऊ म्हणतात, सगळे मिळून. तुम्हालाही धरलंय."

नॉर्मल.

२९ नोव्हेंबर, शनि.

दोन भाग असलेल्या चित्रपटाचा पहिला भाग. कथा दुसऱ्या भागात आहे म्हणे. 'उत्सुकता वाढवणारा' लिहिलं. हात आता सरावला आहे. माणूस चार आठवड्यांत सराईत खोटारडा होतो, त्यासाठी राजकारणात वगैरे जायची गरज नाही.

२ डिसेंबर, मंगळ. अकोला

जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो. उद्या मीच बदलून सांगेन.

दुपारी पोचलो. वहिनी दळण आणायला गेलेल्या. गजू पलंगावर, समोर माझे चार कॉलम कापून ओळीने मांडलेले, पूर्वी पोस्टरं मांडायचा तसे. बस म्हणाला नाही.

"वाच."

"मीच लिहिलेत गजू."

"म्हनूनच वाच. मोठ्यानं."

वाचले. हरकत नाही, प्रामाणिक, संयत, उत्सुकता.

"पंधरा वर्सं झाले तू हे लिवून राहिला. दिवाळीतबी सोडलं नाई तू कोनाले. सख्ख्या मावसभावानं पिक्चर काढला, तो तू पाडला. तो अजून बोलत नाई तुह्यासंग. अन् आता चार रईवार झाले, एकबी पिक्चर पडला नाई."

मी कात्रणं मोजली.

"निखिल हसते. मंदी गोड बोलते. ते जाऊ दे, ते घरचे हायेत, ते हसतीनच. पन तू?" बोट कागदावर. "तू काहून चांगला झाला बे? मरून राहिलो का मी?"

तीस वर्षं ज्याने लोकांच्या बोलण्यावरून निकाल सांगितला, त्याच्यापासून लपवायला आम्ही जिना निवडला आणि मी छापून आणलं. दर रविवारी, घरपोच.

सांगितलं. कॅन्सर म्हणालो तेव्हा त्याने मान हलवली, ते त्याला ठाऊकच होतं. जीभ म्हणालो तेव्हा हलायचा थांबला.

"किती?"

"बहुतेक सगळी."

"बोलनं?"

"नाही."

गजूने कागद गोळा केले, कडा जुळवल्या, उशीखाली ठेवले.

"पंधराले मी सही करनार होतो. गाठ समजून."

"डॉक्टर सांगणार होते, आधी."

"डॉक्टर सांगनार होते." माझंच वाक्य, माझ्याच सुरात. "जीभ माही जाऊन राहिली, अन् मुका तू झाला."

वहिनी दळणाचा डबा घेऊन दारात. चेहऱ्यांवरूनच समजल्या. डबा खाली ठेवला, तिथेच उंबऱ्यात बसल्या.

"जा तू," गजू म्हणाला. "आज नको थांबू."

गेलो.

३ डिसेंबर, बुध.

निखिल. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं. "काका, तेरा दिवस राहिले होते फक्त. आता बाबा म्हणतात ऑपरेशन नाही. विषय बंद. काही झालं तर..." पुढचं बोलला नाही. वाक्य माझ्याकडे तसंच आहे.

मी म्हणालो, मी सांगितलं नाही, त्याने ओळखलं. हे खरं आहे. खोटंही आहे.

५ डिसेंबर, शुक्र.

चित्रपट पाहिला. काहीही आठवत नाही. नायकाला बहुधा भाऊ होता.

६ डिसेंबर, शनि.

तरी लिहिलं, रात्री जे आठवलं तेवढंच. 'हा पडणार.' दोन शब्दांनंतर कॉलमभर कारणं. संपादक खूश. मला काही वाटलं नाही.

८ डिसेंबर, सोम.

गजूचा फोन. सहा दिवसांनी. बोलणं आणखी जड, शब्दाशब्दाला गिळावं लागतं, पण थांबत नाही. गेले चार दिवस सगळ्यांना फोन लावून राहिला आहे म्हणे. बार्शीटाकळीच्या थिएटरातल्या ऑपरेटरशी दीड तास. धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून वीस वर्षांचं भांडण उकरून नव्याने केलं. "अर्धं रायलं होतं, पुरं केलं."

मग म्हणाला, "तू इकून-तिकून पुस्तकं वाचनारा. सांग. नाई केलं तर?"

"काही महिने. दुखेल. खूप दुखेल."

"केलं तर?"

"वर्षं, म्हणतात. नळीने खाणं. नक्की कोणीच सांगत नाही."

"लिवून बोलता येते म्हनते निखिल. पाटी देते म्हने आनून. मले शिव्या देतानी पाटी पुसत बसा लागन का बे?"

हसलो. हसू नको म्हणाला, तो गंभीर होता.

"तू निकाल सांग. करू का नको?"

"मी आजवर कधी बरोबर सांगितलंय?"

"म्हनूनच इचारून राहिलो. तू कर म्हनला तं नाई करत, तू नको म्हनला तं करतो."

हे विनोद म्हणून आलं. पण पलीकडे तो थांबला होता, माझ्या उत्तरासाठी, खरोखर. कर म्हणावं तर त्याचं बोलणं मी घेतलं. नको म्हणावं तर त्यालाच. आणि उलट धरायचं म्हटलं तर त्याहून कठीण.

म्हणालो, "मला तू हवा आहेस. बोलणारा की न बोलणारा, ते मला सांगता येत नाही."

"हा काई निकाल नाई, शास्त्री."

"नाही."

"पन खोटंबी नाई."

ठेवला.

१२ डिसेंबर, शुक्र.

थिएटरला गेलो नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. संपादकांना ताप आहे म्हणून कळवलं. (हेही लिहून ठेवतो, खोटं.)

रात्री वहिनी. "अॅडमिट व्हाले तयार झाले. पन सही करीन का नाई ते तिथंच सांगतो म्हनते. भाऊजी, मले काईच समजून नाई राहिलं. कोनाच्या बाजूनं देवाले मागू?"

सौ.ने माझ्या हातून फोन घेतला. दोघी कितीतरी वेळ.

१४ डिसेंबर, रवि. अकोला

गजू दवाखान्यात. हिरवा गाऊन, मागून बंद होत नाही, त्यावरून नर्सशी वाद. डॉक्टर येऊन बसले, सगळं सांगितलं, काही राखलं नाही. तरुण आहेत, नीट बोलतात. गजूने दोन प्रश्न विचारले. गिळता येईल का, आणि हसता येईल का. पहिल्याला उशिरा, कदाचित. दुसऱ्यावर डॉक्टरांनी विचार केला, मग म्हणाले, "आवाज येईल. पण आताचा नाही."

निखिल माझ्याशी बोलला. "काका, जेवलात का?" एवढंच. पुष्कळ आहे.

१५ डिसेंबर, सोम. सकाळ

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून लिहितो आहे.

सात वाजता फॉर्म आला. गजूने पेन घेतलं, फॉर्म पालथा करून मांडीवर ठेवला. म्हणाला, "मले मंदीसंग बोलाचं हाय. तुमी सारे बाहीर व्हा." निखिल म्हणाला, "बाबा, डॉक्टर..." "डॉक्टरले सांग, थांब. पस्तीस वर्सं झाले लग्नाले, अर्धे मी एस्टीत होतो. बोलनं कवा झालं आमचं?"

दार लावून घेतलं. आतून.

त्याला अर्धा तास झाला. नर्स दोनदा येऊन गेली. स्ट्रेचर भिंतीला लावून ठेवलं आहे, ढकलणारा मोबाइल पाहतो आहे. आतून गजूचा आवाज येतो, जाड, अडखळत, एकसारखा. शब्द कळत नाहीत. मध्येच वहिनींचा. एकदा दोघांचा एकदम.

निखिल उठला. दारावर मारायला हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"थांब," म्हटलं.

थांबला. माझ्या शेजारी येऊन बसला. आवाज चालूच आहे.