काय नाय होत मला

सोमवार, ६ जानेवारी

माझी मशेरीची डबी कोणी उचलली ते आधी कळू द्या, मग बाकीचं लिहीन. लुगड्याच्या घडीत ठेवली होती. सून म्हणते दवाखान्यात मशेरी चालत नाही. दवाखान्यात माणूस मेलेला चालतो, मशेरी चालत नाही.

असो, राम राम. मी सगुणाबाई, मुक्काम सायखेडा, शाळा चौथीपर्यंत. ही वही माझी नात निकिता हिने दिली. तिचं म्हणणं, आजी, तू डॉक्टरला काही सांगत नाहीस, कोणी विचारलं की "काय नाय होत मला" म्हणून मोकळी होतेस, तर निदान इथं लिही. मी म्हटलं लिहिते, पण मी घरी येण्याआधी उघडलीस तर हात मोडीन. गळ्याची शपथ घ्यायला लावली. माझं लिहिलेलं माझ्यासमोर कोणी वाचून हसायचं नाही.

पायाचं असं झालं. थंडीची शेकोटीला बसले होते. वास आला तेव्हा वाटलं कोणी वांगं भाजतंय. वांगं कुठलं, माझ्याच पायाची करंगळी होती. विस्तवात गेली तरी मला पत्ता नाही. साखरेने पाय बधिर झालेत म्हणे. निकिता रडायला लागली, मी हसले. मग गोरक्ष, माझा मुलगा, अंबडच्या कारखान्यातून सुट्टी काढून आला आणि मला इथं गंगापूर रोडच्या दवाखान्यात आणून टाकलं. जखम भरेपर्यंत राहायचं.

पण जागा झकास आहे. खिडकीतून पाठीवर ऊन येतं, गादी मऊ, जेवण आयतं. सुनेच्या हातचं नाही हा वरचा फायदा. आले ते बरं झालं.

मंगळवार, ७ जानेवारी

खोलीत आम्ही तिघी. खिडकीकडे जुलेखाबी, दमेकरी. पाठीला तीन उशा लावून बसलेली असते, आडवं झालं की तिला श्वास पुरत नाही. तिला नुसतं कशी आहेस विचारलं की गेली दुपार. इथून चमक निघते, इथं येऊन थांबते, मग सुईसारखी टोचते, मग मुंग्या, मग जळजळ. बाई दुखण्याचं कीर्तन करते. मी कानावर पदर घेते.

मधल्या खाटेवर भागुबाई. आमच्याच नदीकाठची. वाऱ्याने एक अंग गेलंय, पडून पडून पाठीला जखम झालीय, पण बाई माझ्या वळणाची. विचारलं की काय नाय. आम्हाला हेच शिकवलं. बाळंतपणात कण्हले तर सासू म्हणायची, गावात दवंडी द्यायची का. आणि म्हातारपणी दुखणं सांगितलं की पोराची हजेरी बुडते. त्यापेक्षा काय नाय.

सकाळी चैताली सिस्टर येते. निळा शर्ट, निळी पँट, तोंडाला कुलूप नाही. ताप, बीपी, बोटाला टोचून साखर. मग माझा पाय मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्यात बघते, टाचेखाली बघते. इतकं निरखून मला बघायला आलेल्यांनीही बघितलं नव्हतं. डोळे मिटायला सांगितले. म्हणाली कापूस फिरवते, लागला की सांगा. मला काहीच कळत नव्हतं, तरी मी आपलं हो, हो, लागला. तिने कापूस हातातच धरला होता. लावलाच नव्हता.

चाप्टर पोर. मला म्हणाली, "आजी, तुम्ही झाकलं तर मी काय बघू? जिथं कळत नाही तिथंच तर माझं काम आहे."

मग जिथपर्यंत कळतं तिथं पेनाने रेघ मारली. घोट्यावर.

गुरुवार, ९ जानेवारी

आज दुपारी वेगळी सिस्टर आली. जेवणं झाली की चैताली खाली जाते, कामाच्या बाया पेंगतात, तेव्हा. पांढरं पातळ, कडक इस्त्री, डोक्याला टोपी. मुंबईला बहिणीच्या बाळंतपणात असल्या बघितल्या होत्या. बरं वाटलं. हल्ली कोण नेसतं.

तिच्याकडे यंत्र नाही की कागद नाही. नुसतं बोट ठेवते आणि विचारते, इथं काही होतं का? बोट गार, माठाखालच्या वाळूसारखं. माझ्या डाव्या मनगटावर ठेवलं. तिथं जुनं दुखणं आहे, कांदे कापून कापून झालेलं. मी सवयीने म्हटलं, काय नाय. ती हसली आणि भागुबाईकडे गेली.

आणि काय सांगू, मनगटाचं दुखणं गेलं! एवढ्या वर्षांचं. गुण आहे बाईच्या हाताला.

शुक्रवार, १० जानेवारी

चैतालीला सांगितलं, तुझ्यापेक्षा दुपारची बरी. ती म्हणाली दुपारी कोणी सिस्टर नसते, मीच जेवून वर येते. पांढरं पातळ ऐकून हसली. आजीला स्वप्न पडलं म्हणाली.

मग मनगट बघितलं आणि हसायची थांबली. सुई टोचली, मला कळली नाही. गरम पाण्याचा फडका ठेवला, कळला नाही. दुखणं गेलं ते एकटं नाही गेलं, मनगटही घेऊन गेलं. हात आहे, हलतो, पण शेजारणीचा उसना आणल्यासारखा वाटतो. डॉक्टर म्हणाले साखरेचंच.

चैतालीने तिथंही रेघ मारली.

रविवार, १२ जानेवारी

रेघ आता चुकीच्या जागी आहे. मनगटाची रेघ मनगटावरच आहे, पण मला कोपरापर्यंत काही कळत नाही. पायाचं गुडघ्यापर्यंत आलं.

दुपारची ती रोज येते. काल पोटावर बोट ठेवलं, मी नेहमीचं बोलून गेले. तेव्हापासून भूक नाही, चव नाही. लोणचं चाटलं, कागद चाटल्यासारखं.

आज तिने भागुबाईला वेगळंच विचारलं. अंगाचं नाही. विचारलं, तुमचं कोण आहे? भागुबाईचा मुलगा रंगनाथ, तो बरेच दिवस फिरकला नव्हता. बाईचा राग नाकावर. म्हणाली, "कोणी नाय मला."

सिस्टरने तिची चादर सारखी केली. पायापासून वर, हनुवटीपर्यंत. अशी चादर मी लय वेळा केलीय. जिवंत माणसाची नाही.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

रंगनाथ आला. तिळगूळ घेऊन. मला बरं वाटलं, म्हटलं म्हातारीचा राग जाईल.

तो मधल्या खाटेपाशी उभा राहिला आणि मला विचारलं, आजी, इथल्या बाईंना कुठं हलवलं?

भागुबाई त्याच्यासमोर होती. चांगल्या हाताने त्याचा सदरा धरला होता. सदरा ताणलेला मला दिसत होता. ती रंग्या, रंग्या म्हणत होती. तो खाटेवरून हात फिरवून बघत होता, तिच्या तोंडावरून, जशी सुरकुती काढावी.

मी ओरडले, अरे मेल्या, ती बघ ना. त्याने माझ्याकडे बघितलं तसं वेड्या माणसाकडे बघतात. खाली चौकशीला गेला, परत आला. चुकीचा पत्ता दिला वाटतं, म्हणाला. तिळगूळ माझ्या हातात दिला, गोड बोला म्हणाला, गेला.

भागुबाई रडत नव्हती. तोंड उघडं होतं, रडल्यासारखं. आवाज नव्हता.

बुधवार, १५ जानेवारी

मधली खाट रिकामी. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही.

चैताली म्हणते ती खाट तुम्ही आलात तेव्हापासून रिकामीच आहे. शपथेवर सांगते. खोटं बोलणारी पोर नाही ती. म्हणजे तिच्याही डोक्यातून पुसलं.

तिळगुळाचा पुडा उशीखाली ठेवलाय. तो आहे. मी बघते अधूनमधून.

जुलेखाबीला आठवतंय. तिनेही बघितलं. मी विचारलं, तुझ्याकडे येते का ती पांढऱ्या पातळाची? येते म्हणाली, पण उभी राहत नाही. मला म्हणाली, "दीदी, मैं चुप बैठती ही नहीं ना. तिने बोट ठेवलं की मी सुरू. जे माझं आहे ते सांगते. आपण नको म्हटलं तेच ती उचलते."

आणि मी जन्मभर नकोच म्हणत आले.

घरी जायचं म्हटलं गोरक्षाला फोनवर. कारण सांगू शकले नाही. तो म्हणाला जखम भरू दे. पाय खाली टेकवता येत नाही, नाहीतर चालत गेले असते सायखेड्याला.

गुरुवार, १६ जानेवारी

आज ठरवलं होतं, हो म्हणायचं. तिने खांद्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, दुखतं.

ती वाकली. म्हणाली, कसं?

मला सांगता येईना. ठणकतं का, तिने विचारलं. चमकतं का, सलतं का, आग होते, कळ येते? मी कधी बघितलंच नाही आत काय होतं. आलं की दाबलं. जुलेखाबीला सगळे शब्द येतात, मी कानावर पदर घेतला होता. मी गप्प बसले. गप्प म्हणजे नाहीच धरते ती.

खांदा गेला.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज बोट उजव्या हातावर होतं. लिहायच्या. मी रडले. त्या बाईसमोर रडले.

खिडकीकडून जुलेखाबी बोलली. धाप लागलेली, तरी बोलली. म्हणाली, तिचा अंगठा ठणकतो, लिहून लिहून, पहाटे उशी चावते ती, मी ऐकते. विळीची जुनी खूण आहे, थंडीत तिथं सलतं. मला वाटलं होतं कोणाला कळत नाही.

सिस्टरने बोट काढलं. पाठ फिरवून गेली.

आणि अंगठा ठणकला. देवा, काय ठणकला. मी त्याचा मुका घेतला.

म्हणजे दुसऱ्याने सांगितलं तरी चालतं. पण त्याला खरं माहीत पाहिजे. ज्याने बघितलंय त्यालाच –

शनिवार, १८ जानेवारी

जुलेखाबीला सकाळी सोडलं. तिचा मुलगा आवेज आला न्यायला. मी तिचा हात सोडत नव्हते. तिने दुआ दिली, तिला कसं थांबवणार.

दुपारी गळ्यावर बोट.

आवाज नाही. खोकलाही येत नाही.

संध्याकाळी गोरक्ष आणि निकिता आले. चैतालीने गोरक्षाला विचारलं, आजी आज बोलत का नाहीत, घरी अशा कधी झाल्या होत्या का? तो म्हणाला, "रुसली असेल. तिला काय नाय होत." माझ्याच तोंडाचं बोलणं. मीच शिकवलं.

वही निकिताच्या हातात दिली. कोंबली. ती हसली. म्हणाली, गळ्याची शपथ आहे आजी, घरी आल्यावरच वाचीन. उशीखाली ठेवून गेली. तिळगुळाच्या पुड्यावर.

मी मान हलवत होते. तिला वाटलं मी रागावले –

रविवार, १९ जानेवारी

आज चैतालीची सुट्टी. निकिता येणार म्हणाली होती, जेवणाच्या वेळेला, गोरक्षाबरोबर. जेवण आलं. माझं ताट मधल्या खाटेवर ठेवलं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

वही उघडी ठेवते छातीवर. निकिता, शपथ मोडली, वाच. तुझा गळा शाबूत राहील, माझा गेला.

आता अंगाचं विचारायचं तिचं संपलं. आज ती दुसरं विचारेल. तुमचं कोण आहे. मला बोलता येत नाही. गप्प म्हणजे नाहीच –

दारात पांढरं दिसतंय. अजून आत नाही –

नुसतं "मी आहे" म्हणू नको. ती पुढे विचारते, कसं? तेव्हा सांग, शेकोटीपाशी तू रडत होतीस आणि आजी हसली, पण तिने तुझा हात धरला होता, तुझ्या बांगडीचा वळ उठेपर्यंत. ते तूच बघितलंस. दुखत होतं मला. पायाला नाही. तू घाबरलीस म्हणून. आतून पिळल्यासारखं. बघ, आला शब्द –

जिन्यावर तुझी चप्पल वाजते. गोरक्षाचीही. ती खाटेपाशी आली. बोट नाही ठेवत. तुमची वाट बघत उभी –

निकिता, बापाला तोंड उघडू देऊ नको. तो काय नाय म्हणेल. त्याला बाहेर उभा कर. उत्तर तू दे, तूच दे, दुसऱ्या कोणी