गादीखालचा पेपर

चिरंजीव उन्मेषला आजीचा आशीर्वाद.

काय रे भिया, जाताना रोज फोन करतो म्हणालास आणि म्हातारीला साफ विसरलास? रेल्वेची छोटी लाइन मोठी करायला गेलास, तशी आठवणही मोठी करून घे.

तुझी बहीण शमिका लिहून घेतेय. महूपुढच्या घाटात नेटवर्क नाही, असं मला सगळे सांगतात. टीव्हीही कालपासून बिघडलाय म्हणे. पण आज सकाळी तुझ्या बापानं पेपर गादीखाली सरकवला. जिला अक्षर येत नाही, तिच्यापासून पेपर कशाला लपवतात? फोटो असणार म्हणून. तो बाहेर गेल्यावर मी पेपर काढला. बोगद्याच्या तोंडाशी मातीचा ढीग होता आणि कोपऱ्यात तुझा चेहरा.

हे ऐकून शमिका रडायला लागली. मी म्हटलं, "लिहीत राहा. मला सब मालूम आहे."

आता ती खरं सांगतेय. तू मजुरांसोबत आत अडकलायस. माती अजून सरकते, म्हणून खोदणं थांबलंय. ढिगातून पाइप घातलाय, त्यातून तुमचा आवाज येतो आणि खाणं आत जातं.

शमे, हे पत्र पाठवू नकोस. मला कळलंय म्हटल्यावर तो तिथे बसून माझीच काळजी करेल. बेसनाचे लाडू पाठव. अख्खे पाइपात अडकतील, चुरा कर. आणि सगळ्यांना पुरेल इतका दे, तो एकटा खाणार नाही.

तुझी आजी