बर्फाखालचा बीव्हर

५ जानेवारी. उणे एकतीस.
आजपासून मी ट्रॅपर, सापळे लावून जनावरं धरणारा. वीस वर्षं गावच्या दुकानात काउंटरमागे काढली, पुरे झालं. सासरेबुवांचे, म्हणजे झाकरींचे गुडघे गेलेत. मार्चमध्ये ते लाइनचे कागद कुणाच्या तरी नावावर करणार. लाइन म्हणजे घराण्याचा चाळीस मैलांचा पट्टा, तिथे दुसऱ्या कुणी सापळा लावायचा नाही. घरात एकच मुलगी आणि तिचा नवरा मी. म्हणजे प्रश्न मिटलाच. तरी म्हणाले, तोवर तळ्यातला एक तरी बीव्हर काढून दाखव, ओविद. फॉर्मॅलिटी आहे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

६ जानेवारी. सकाळी ९:४०.
उठलो. पहाटे अंधार असतो. अंधारात सापळे लावणं धोक्याचं.

९ जानेवारी.
सेलेस्तीन म्हणते, बाबांबरोबर चार दिवस जा, नीट बघ, शिक. मी म्हटलं, बायको, माझे आजोबा ट्रॅपर होते, हे रक्तात असतं. ती म्हणाली, तुझ्या रक्तात साखर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. विषय वाढवला नाही.

१२ जानेवारी.
हात बसावा म्हणून आधी मार्टेन, झाडावर चढणारं मुंगसाएवढं जनावर. झाडांना सहा पेट्या ठोकल्या, आत माशांची डोकी. उत्कृष्ट काम.

१५ जानेवारी.
पाच पेट्या पक्ष्यांनी साफ केल्या. सहावीत सापळा मिटलेला, आत माझाच डावा हातमोजा. तीन दिवस शोधत होतो. स्प्रिंग उत्तम आहे हे सिद्ध झालं.

२२ जानेवारी.
थेट बीव्हर. तळ्यावर बर्फ अडीच फूट. सासरेबुवांची जुनी पद्धत: पहारीला दोरी, दोरी मनगटाला. लहान मुलांचे हातमोजे बांधतात तसलं. मी नाही बांधली.
११:१५ बर्फ फुटला.
११:१५ पहार तळ्याच्या तळाशी.

२९ जानेवारी.
सासरेबुवांनी दुसरी पहार दिली. माझ्या मनगटाला दोरी त्यांनी स्वतः बांधली, दुहेरी गाठ मारून. बायको बघत होती.
संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये जाहीर केलं: माझ्या पहिल्या बीव्हरची शेपूट फिलोमीन मावशींना. पहिला बीव्हर घरी खायचा नसतो, वाटायचा. टाळ्या पडल्या. मावशी एक्क्याऐंशीच्या. म्हणाल्या, लवकर कर रे, चारच दात उरलेत.

३१ जानेवारी.
सापळा बांधून पाण्यात सोडायला खांब लागतो. सासरेबुवा म्हणाले, वाळलेला स्प्रूस आण. तो उतारावर, कमरेएवढ्या बर्फात. काठावर मात्र ताजा, हिरवा, सरळसोट पॉप्लर उभा. मेलेलं लाकूड कशाला वापरायचं? मी दर्जा बघणारा माणूस. पॉप्लर तोडला. सापळा बांधला, सोडला. चारच्या आत घरी.

३ फेब्रुवारी.
खांब वर ओढला. दीड फूट आला. खालचं टोक पेन्सिलीसारखं तासलेलं. सापळा नाही, बीव्हर नाही.
सासरेबुवांनी तुकडा हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, जावईबापू, पॉप्लर हेच त्याचं जेवण. पाहुण्याला जेवायला बोलावलंत ते ठीक, पण पाटासकट वाढलंत. बायको स्नोमोबाईलच्या मागे जाऊन हसत होती. ऐकू येत होतं.
तरी मुख्य मुद्दा: बीव्हर आला होता. जागेची निवड अचूक.

१९ फेब्रुवारी.
तात्पुरता पुन्हा दुकानात बसतो आहे. मावशी रोज तिथे येतात. काही घेत नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघतात. आज म्हणाल्या, तीन उरले.
पाठ धरली आहे. सोमवारपासून जोरात.

१ मार्च.
पाठ अजून धरलेलीच. बायकोने शाळेतून रजा काढली, म्हणाली, बाबांना लाइनवर डबा पोचवून येते. आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्यामागे हिंडते म्हणे. हे लग्नाआधी कुणी बोललं नव्हतं. बोललं असेल तर माझं लक्ष नव्हतं.

३ मार्च. दुपारी.
दोन बीव्हर घेऊन आली. वाळलेला स्प्रूस, मनगटाला दोरी, सगळं जुनाट पद्धतीने. पण भोक माझ्याच भोकाशेजारी पाडलं होतं. म्हणजे निम्मं श्रेय माझं. हे तिला सांगितलं. ती कातडं सोलत होती, हातात सुरी होती, म्हणून जास्त बोललो नाही.

८ मार्च.
लाइनचे कागद. नवे बूट घालून ऑफिसात गेलो. बाईंनी नाव विचारलं, मी पुढे झालो. सासरेबुवा म्हणाले, सेलेस्तीन. मला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली. केली. वाईट वाटलं. येताना सासरेबुवा पाठीवर थाप मारून म्हणाले, सही छान आहे तुझी.

१० मार्च. रविवार.
पहिल्या बीव्हरची वाटणी. बायकोने चार पुडकी बांधली. मी म्हटलं, पोचवायचं काम घरच्या पुरुषाचं. शेपूट फिलोमीन मावशींना दिली. दुसरं पुडकं पाय मोडलेल्या मोइझला. तिसरं, डोळ्यांनी अधू झालेल्या म्हाताऱ्या गॅस्परला. सगळ्यांनी माझे हात हातात घेऊन आभार मानले. मीही मानू दिले.
चौथं पुडकं घेऊन घरी आलो, विचारलं, हे कुणाकडे? ती म्हणाली, ठेव टेबलावर, तुझं आहे. मी म्हटलं, घरी खायचं नसतं ना? म्हणाली, धरणाऱ्याने खायचं नसतं. पहिला वाटा ज्यांना स्वतःला शिकार जमत नाही त्यांचा. बस, गरम करून देते.
बसलो. मांस मऊ होतं. दोनदा घेतलं.