टॅक्टरच्या नाकावरचा गोटा

कार्तिक वद्य ३, मंगळवार

आधी वच्छला आली. विरजण मागायला आले म्हणाली, पण हातात वाटी नाही. तेव्हाच ओळखलं. मागून तिचा नवरा, सुपडाभाऊजी. शेजारचं वावर त्यांचं. आमचे हे होते तेव्हा दोघं एका ताटात जेवायचे. आज खाटेवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "वहिनी, धुऱ्यावरचा गोटा कुठी हाये?"

मी म्हटलं, असेल जिथल्या तिथं, त्याला का पाय फुटले.

"पाय नाई, चाकं फुटले. तुमच्या टॅक्टरच्या नाकावर बसून मेहकरले जाऊन राह्यला थो."

मला हसू आलं. ते दोघं हसले नाहीत. दोन वावरांच्या मधल्या बांधावरचा हद्दीचा गोटा, हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही हे मग समजलं. चहा ठेवते म्हटलं तर वच्छला म्हणे, आत्ताच झाला. खोटं. तिच्या चुलीचा धूर मला इथून दिसतो.

विरजण न नेताच गेली.

वद्य ४, बुधवार

दिगूला विचारलं. माझा लेक, खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय बोलतही नाही. बापावर गेला.

झालं असं. ट्रॉलीत कापूस भरला की नाल्याच्या चढावर टॅक्टरचं तोंड वर होतं. मागं ओढ, पुढं हलकं, पुढची चाकं हवेत. म्हणून चढ आला की सुपडाभाऊजी पुढं नाकावर जाऊन बसत, वजन म्हणून. देह भरपूर. कापूस त्यांचाही असतोच ट्रॉलीत. गावभर सांगत, टॅक्टर दिगूचा पण चढवतो मी. मी डोळे मिटून घेई. गेल्या शनिवारी घसरले. चप्पल चाकाखाली गेली, पाय वाचला. दिगू घरी आला तर भाकर गिळेना. म्हणे, आता पुढं माणूस बसवीन तर बापाचं नाव नाही सांगणार.

दुसऱ्या दिवशी हायब्रीड ज्वारी निघाली त्या पट्टीत हरभऱ्यासाठी नांगरत होता, धुऱ्याला लागून. नांगराला गोटा अडकला. कमरेएवढा, लांबट, वजनदार.

"माय, मले वाटलं देवानंच धाडला."

लोहाराकडून लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या अन् बसवला पुढं. आता चढावर गाय चालावी तसा चालतो. मी स्वतः जाऊन पाहिलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू. आज शोभीनं, दिगूच्या पोरीनं, गोटा धुतला तर बुडाशी मोजणीची खूण निघाली. दिगू खालीच बसला. गवतात नुसतं डोकं दिसायचं त्याचं, अन् हा जन्मला त्याच्या आधीपासून गोटा तिथं. याला काय ठाऊक.

आणि गोट्याची जागा यानंच नांगरून सपाट केली. कुठं होता, खूण नाही.

वद्य ६, शुक्रवार

काल लिहिलं नाही. जीव थाऱ्यावर नव्हता.

आज पाटील आले, सुपडाभाऊजींना घेऊन. पाटील म्हणाले, मोजणीवाले बोलावले तर वरीस जाईन, अन् मनं फाटतीन थे वेगळं. मग सुपडाभाऊजीच म्हणाले, "गोटा गाडला तवा होतं कोण? दिगूचा बाप गेला, माया बाप गेला. वहिनी हायेत. वहिनी म्हनतीन थ्या जागी."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शोभीसुद्धा. या पोरीच्या जुन्या वहीत मी हे लिहिते, ती मेहकरच्या शाळेत असते, दिवाळीच्या सुटीत आली ती कापूस वेचायला राहिली आहे.

मला आठवतं. नवी नवरी होते, रोज भाकरी घेऊन वावरात जायची. आमच्या निंबापासून गोट्यापर्यंत बावीस पावलं. रोज मोजायची. शाळेतलं दुसरं काही उरलं नव्हतं, अक्षरं अन् अंक तेवढे उरले होते, ते अंक विसरू नये म्हणून. कधी एकवीस नाही, कधी तेवीस नाही.

बोलून बसले. बावीस.

सुपडाभाऊजी म्हणाले, झालं तर मंग. वच्छलाला सांगायला गेले वाटतं, लगबगीनं गेले.

वद्य ७, शनिवार

सकाळीच निंबाला पाठ लावून चालले. बावीस मोजले. थांबले तर आमच्याच हरभऱ्याच्या मधोमध. पुढं पाहिलं, सुपडाभाऊजींची कापसाची पऱ्हाटी अजून लांब. मधली पट्टी म्हणजे खाटेला खाट लावून चार खाटा पसराव्या एवढी रुंद, अन् वावरभर लांब.

परत गेले, परत चालले. तिथंच.

दिगू लांबून पाहत होता. काही बोलला असता तर बरं.

माझ्या तोंडानं गेलेली जमीन. आमचे हे असते तर... पण ते रागावत नसत, नुसते उठून बैलांपाशी जात. ते जास्त लागायचं.

वद्य ९, सोमवार

शोभी ढांगा टाकत विहिरीकडे चालली होती, मी मागून पाहत होते. अन् एकदम लक्षात आलं. ही माझीच चाल. तेवढीच उंची, तसाच उजवा पाय जरा बाहेर टाकते. आता माझे गुडघे गेले, पाऊल आखडलं. बावीस खरे, पण ते पाऊल माझ्यापाशी राहिलंच नाही, ते या पोरीकडे गेलं. इतका आनंद झाला की तिथंच तिची अलाबला घेतली. पोरगी म्हणे, आजी, काऊन रडून राह्यली?

तिला निंबापासून चालायला लावलं. बावीस. थेट सुपडाभाऊजींच्या पऱ्हाटीत, दोन ओळी आत.

ते तिथंच कापूस वेचत होते. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, तुमची नात उंटीन हाये. बकरी आना एखादी, मंग मी मोजतो."

शोभी हसली. तेही थोडं हसले, मग आठवलं की भांडण आहे, तोंड फिरवलं.

आता दोन्ही खोटं. एकानं आम्ही बुडतो, एकानं ते.

वद्य ११, बुधवार. एकादशी

भगर शिजवताना सुचलं. मी काय शाळेच्या पोरीसारखी ढांगा टाकत जायची का तेव्हा? नऊवारी लुगडं, डोक्यावर भाकरीची टोपली, कमरेवर पाण्याची घागर. तसं चालून पाऊल किती पडतं ते कोण सांगणार? पडतं तेवढंच पडतं.

शोभीला सांगितलं. ती लगेच पेटीतलं माझं लुगडं काढायला निघाली, आत्ताच पाहू म्हणे. मी पेटीवर बसून राहिले. म्हटलं, आधी चालून पाहायचं नाही. एकदा पाहिलं की पायांना कळतं, कुठं लांब पडायचं, कुठं आखूड. सगळ्यांसमोर पहिल्यांदाच चालायचं. दिगू म्हणाला, अन् आपली पट्टी गेली तर? मी म्हटलं, तर गेली. म्हटलं खरं, अन् इकडं भगर बुडाशी लागली.

सांजेला पाटील अन् सुपडाभाऊजी आले. ऐकून घेतलं. सुपडाभाऊजी आज खाटेवर बसले. टोकाशी, पण बसले. म्हणाले, घागर भरलेली पाह्यजे, रिकामी नाई. मी म्हटलं, काठोकाठ भरते, तुमच्याच विहिरीची.

मग दिगूकडे पाहून म्हणाले, "गोटा जाग्यावर गेला की टॅक्टरचं नाक पुन्हा हलकं. मी बसतो मंग, पैल्यासारखा."

दिगू म्हणाला, काका, तुमचा पाय पाह्यला म्या चाकापाशी. नाई बसवणार.

"मंग गोटा तरी काऊन बसवला बे? माहं वजन कमी पडलं?"

राग हद्दीचा होता की नाकावरची जागा गेल्याचा, मला आज समजलं. ड्रममध्ये वाळू भरून पुढं बांधता येईल, दिगू पाहतो म्हणाला. पाहतो म्हणजे कधी, देव जाणे. कापूस तर रोज चढवायचा आहे.

ठरलं असं. शोभी लुगडं नेसून, टोपली-घागर घेऊन निंबापासून चालेल, मागून टॅक्टर, नाकावर गोटा. ती बाविसाव्या पावलाला थांबेल तिथं खड्डा.

वच्छला दारातच उभी होती. हातात वाटी होती आज. विरजण दिलं.

शनिवारपर्यंत कापसाच्या खेपा, रविवारी अमावस्या, त्या दिवशी हद्दीला हात लावायचा नाही. सोमवारी सकाळी, न्याहारीच्या आधी येतो म्हणाले पाटील अन् सुपडाभाऊजी. नवी नवरी होते तेव्हा टोपलीत बारा भाकरी असायच्या. उठून बाराच थापाव्या लागतील.