सप्पोरोतली भट्टी आणि तुमची पिन

अण्णा, सप्पोरोत आम्ही ज्या घरात राहायचो तिथे रॉकेलवर चालणारी एक भट्टी होती, आणि तिच्याबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होतो. मी जपानला जाईन हे तुमच्याच काय, माझ्याही डोक्यात नव्हतं. दोन हजार सालानंतर पुण्याहून आमच्यासारखे कॉम्प्युटरवाले घाऊकीत तिकडे जायला लागले, त्यात मीही गेलो. बाकीचे टोकियोच्या निशी-कसाई भागात एकमेकांच्या शेजारी राहून पोळीभाजी खात होते. मला मात्र कंपनीने उत्तरेला, बर्फात धाडलं, कारण मी नाही म्हणत नाही असा माझा लौकिक होता.

घर जुनं, लाकडी. बाहेर भिंतीला लागून रॉकेलची टाकी आणि न्हाणीघराशेजारच्या कोंदट खोलीत ही भट्टी. टाकीतून रॉकेल आत यायचं, बारीक भोकातून त्याचा फवारा उडायचा, त्यावर ठिणगी पडायची आणि गरम हवा घरभर फिरायची. तुमच्या प्रायमसचा थोरला भाऊ म्हणा. पंप मारायला हाताऐवजी मोटर, एवढंच. पहिल्यांदा ती पेटली तेव्हा बायको हात शेकत होती आणि मी डोळे मिटून उभा होतो. जिन्याखालच्या तुमच्या स्टोव्हदुरुस्तीच्या दुकानात शाळेनंतर रोज जो एकसारखा सूंऽऽ आवाज ऐकला, तोच, फक्त जरा भारदस्त.

दर ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आधी, रॉकेलच्या दुकानातून एक म्हातारे गृहस्थ भट्टीची देखभाल करायला यायचे. बायकोने त्यांचं नाव रॉकेलवाले-सान ठेवलं होतं, आपणही तेच म्हणू. दारात बूट काढायचे, घरून आणलेली जुनी चादर अंथरायची आणि तिच्यावर हत्यारं मांडायची. टाकीच्या तळाची तोटी सोडून साचलेलं पाणी काचेच्या बरणीत धरायचे आणि ती उजेडात नेऊन निरखायचे. मग जाळी धुवायची, काजळी ब्रशने काढायची, धुराड्याचा पाईप बोटाने वाजवून बघायचा. आणि शेवटी, ज्या भोकातून फवारा उडतो ते निपल काढून नवं बसवायचं. पहिल्या वर्षी जुनं चांगलं चकचकीत दिसत होतं, म्हणून मी विचारलं, बिघडलंय का? ते म्हणाले, बिघडलेलं नाही, एक हिवाळा वापरलेलं आहे. मला हसू आलं. आपल्याकडे बिघडलेली वस्तूसुद्धा कधी टाकली नाही, तुम्हाला माहीतच आहे.

पुढच्या ऑक्टोबरात मी दुकानात फोन करून सांगितलं, यंदा यायची गरज नाही. बायकोला म्हटलं, स्टोव्हवाल्याच्या पोराला भट्टी साफ करायला परका माणूस कशाला? घरात मी असं ऐटीत म्हणायचो. ऑफिसात कुणी वडिलांचं विचारलं तर 'बिझनेस' म्हणून विषय संपवायचो. रविवारी सकाळी मी चादर अंथरली, पाणी काढलं, जाळी धुतली, काजळी झाडली, सगळं त्यांच्यासारखं. मग निपल काढलं आणि माझ्या पत्र्याच्या डबीतून तुमची पिन काढली. हॉस्टेलवर निघालो तेव्हा तुम्ही स्टोव्हबरोबर दिली होती ती, निपलचं भोक मोकळं करायची, पत्र्याच्या पट्टीला बारीक तार असलेली. घातली भोकात, दोन-तीनदा फिरवली, आणि भट्टी पेटवली.

हात आपोआप गेला, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण मी बारा वर्षांचा असताना खानावळवाल्या मावशींचा स्टोव्ह असाच बिघडवला होता. मी पिन मारमारून निपलचं भोक मोठं केलं, ज्योत पिवळी पडली, मावशींची पातेली काळी झाली. तुम्ही मारलं नाही. ते निपल माझ्या तळहातावर ठेवलंत आणि म्हणालात, "भोक मोठं करायला अक्कल लागत नाही. आता हे लहान करून दाखव." मग शेजारी बसवून एकामागून एक स्टोव्ह ऐकवलेत. आधी ऐकायचं. दहातल्या नऊंना पिन लागतच नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "भट्टीचा आवाज वेगळा येतोय का रे?" मी म्हटलं, बाहेर गारठा वाढलाय, म्हणून तसं वाटतं. तिसऱ्या दिवशी घरात उग्र वास यायला लागला. मी खिडकी थोडी उघडी ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी दोन वर्षांच्या लेकीचं नाक पुसलं तर रुमाल काळा झाला. तेव्हा मी भट्टी बंद केली आणि दुकानात फोन लावला.

रॉकेलवाले-सान तासाभरात आले. आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, लेकीला बाहेर न्यायला सांगितलं. बायको तिला कोटात गुंडाळून दारात उभी राहिली. त्यांनी निपल काढलं, भिंगाखाली धरलं आणि विचारलं, हे कुणी उघडलं होतं?

मी म्हणालो, "माझे वडील भारतात हेच काम करायचे. त्यांनी मला असंच शिकवलंय."

त्या देशात तुमचं काम मी पहिल्यांदा घराबाहेर कुणाला सांगितलं, अण्णा, ते असं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी निपल बोटांत फिरवलं, जरा विचार केला, आणि अजिबात न रागावता म्हणाले, "हे काम करणारा माणूस असं शिकवणार नाही."

त्यांनी आतली काजळी काढली, धुराडं साफ केलं, नवं निपल बसवलं, भट्टी पेटवली आणि मला बोटाने जवळ बोलावलं. आम्ही दोघं वाकून ऐकत राहिलो. आवाज एकसारखा झाल्यावर ते उठले, चादर घडी केली, वाकून नमस्कार केला आणि गेले. त्यानंतर प्रत्येक ऑक्टोबरात तेच आले. मी टॉर्च धरायचो. 'तुम्ही बरोबर बोललात' एवढं त्यांना सांगायला चार ऑक्टोबर मिळाले, सांगितलं नाही.

आता आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुत राहतो. माझी स्वतःची लहानशी कंपनी आहे, घरात एसी आहे, आणि त्यात ऐकण्यासारखं काही नाही. लेक रॉकेल म्हणजे काय ते जपानीत विचारते. वडील स्टोव्ह दुरुस्त करायचे हे मी हल्ली नव्या मुलांना आपणहून सांगतो. मोठ्या भोकाचं तुमचं वाक्यही सांगतो, लोक हसतात, लक्षात ठेवतात. सप्पोरोची गोष्टही सांगतो. तिच्यातलं 'त्यांनी मला असंच शिकवलंय' हे माझं वाक्य गाळतो.

हा कागद घडी करून पिनेच्या डबीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवायचा? बायकोची अजून समजूत आहे की रुमाल काळा झाला तेव्हा मला कळलं. खरं म्हणजे पहिल्याच संध्याकाळी, भट्टी पेटली त्याच क्षणी, आवाज चुकल्याचं मला ऐकू आलं होतं. तुम्ही शिकवलेलं मला येत होतं.